विधान आणि गृहीत : मराठी दूरचित्रवाणी-मालिकांतील स्त्री

१

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांसंबंधी मराठीत जे लेखन होते, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील लेखन तक्रारीच्या सुरात असते. मालिकांतील घरे अवास्तव मोठी असतात, सुना झोपतानाही दागिने उतरवीत नाहीत, एक कारस्थान उघडकीस यावयाला महिना लागतो, असे आक्षेप त्यात येतात. दुसऱ्या वर्गातील लेखन अधिक गंभीर असते. नायिका सोशिक आहे की बंडखोर, मिळवती आहे की परावलंबी, अन्याय गिळते की त्याचा प्रतिकार करते, हे ते पाहते आणि त्यावरून मालिकेला पुरोगामी वा प्रतिगामी ठरविते. विद्यार्थ्यांचे प्रबंध बहुधा या दुसऱ्या पद्धतीने सिद्ध होतात. 'सकारात्मक' आणि 'नकारात्मक' चित्रणांची मोजदाद करणारे कोष्टक हे त्यांचे ठरलेले साधन होय.

या दोन्ही वर्गांच्या मुळाशी एकच समजूत आहे. मालिका जे उघडपणे सांगते वा दाखविते, तेच ती प्रेक्षकाला शिकविते, ही ती समजूत. वरवर पाहता ती निर्विवाद वाटते; परंतु भाषेच्या व्यवहाराचा ज्याने थोडाफार विचार केला आहे, त्याला ती तशी वाटू नये. बोलणारा जे सांगतो त्यापेक्षा तो जे न सांगता धरून चालतो, ते ऐकणाऱ्याच्या मनात अधिक सहजपणे शिरते. मालिकांच्या बाबतीत हेच घडते. वास्तवाचा विपर्यास तिच्या विधानांत जितका असतो, त्याहून अधिक तिच्या गृहीतांत असतो. आणि म्हणूनच नायिकेला बंडखोर केल्याने तो आपोआप दूर होत नाही. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

विधान आणि गृहीत यांतील भेद अर्थविचारात नवा नाही. जर्मन तर्कवेत्ता फ्रेगे याने १८९२ साली त्याचे सूचन केले होते, आणि स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५० साली रसेलच्या मताचे खंडन करताना तो भेद पुन्हा पुढे मांडला. गृहीत ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी निषेधाची. 'तो घरकामात बायकोला मदत करतो' हे वाक्य घ्यावे. त्याचा निषेध केला, तर 'तो घरकामात बायकोला मदत करीत नाही' असे वाक्य होते. प्रश्न केला, तर 'तो घरकामात बायकोला मदत करतो का?' असे होते. पहिल्या वाक्यात नवऱ्याची स्तुती आहे, दुसऱ्यात निंदा आहे, तिसऱ्यात चौकशी आहे; तथापि तिन्ही वाक्यांत एक गोष्ट अढळ राहते. घरकाम बायकोचे आहे, ही ती गोष्ट. 'मदत' या शब्दाच्या पोटातच ती आहे. जो माणूस नवऱ्याची स्तुती करतो आणि जो त्याची निंदा करतो, ते दोघेही तिच्याशी सहमत असतात. फरक इतकाच, की आपण सहमत आहो हे त्यांपैकी कोणाच्याही ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस याने १९७९ साली असे दाखवून दिले, की बोलण्यात एखादे गृहीत आले आणि ते श्रोत्याला आधी ठाऊक नसले, तरी संभाषण खोळंबू नये म्हणून श्रोता ते मुकाट्याने मान्य करून टाकतो. कथेच्या श्रोत्याला तर ही तडजोड पदोपदी करावी लागते. गोष्ट पुढे जावी अशी इच्छा असेल, तर तिच्यातील जग आहे तसे पत्करावे लागते. आठवड्यातील पाच-सहा दिवस आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेचा प्रेक्षक ही मान्यता किती वेळा देत असेल, याची कल्पना करता येते.

२

मालिकांची गृहीते शोधावयाची, तर आरंभ त्यांच्या नावांपासून करणे सोयीचे आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. अल्फा टीव्ही मराठी ही पुढे झी मराठी झालेली खाजगी वाहिनी १९९९ साली आली. त्या संधिकाळात गाजलेल्या मालिकांची नावे 'दामिनी', 'आभाळमाया', 'अवंतिका' अशी होती. ही विशेषनामे तरी होती किंवा प्रतिमा तरी. 'दामिनी'ची नायिका पत्रकार होती, 'आभाळमाया'तील सुधा जोशी प्राध्यापक होती. पुढील काळात जी नावे घरोघर पोहोचली, त्यांत नात्याचा शब्द ठळक झालेला दिसतो : 'चार दिवस सासूचे', 'होणार सून मी ह्या घरची', 'माझ्या नवऱ्याची बायको', 'अग्गंबाई सासूबाई', 'आई कुठे काय करते'. सर्वच नावे अशी आहेत असा दावा येथे नाही. प्रतिमावाचक नावे आजही पडतात. परंतु ज्या नावांत नाते आहे, त्यांची घडण तपासण्याजोगी आहे.

'चार दिवस सासूचे' ही मालिका ई टीव्ही मराठी या वाहिनीवर २००१ साली सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भागांपर्यंत चालली. तिचे नाव म्हणजे एका प्रसिद्ध म्हणीचा पूर्वार्ध होय. म्हणीच्या उत्तरार्धात सुनेचे चार दिवस येतात. सत्ता एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे जाते आणि कालांतराने न्याय होतो, असे म्हण सांगते. हे झाले तिचे विधान. तिचे गृहीत असे, की घरातील सत्तेचा प्रश्न हा दोन स्त्रियांमधला प्रश्न आहे. सासरा आणि मुलगा म्हणीत कोठेच नाहीत. त्यांचे दिवस मोजले जात नाहीत, कारण ते कधी संपत नाहीत. मालिकेत सासूची बाजू घेतली काय किंवा सुनेची घेतली काय, हे गृहीत दोन्ही वेळा सुरक्षित राहते.

'होणार सून मी ह्या घरची' (झी मराठी, २०१३ ते २०१६) या नावाची वाक्यरचना मोठी बोलकी आहे. कर्ता 'मी' आहे. नायिका जान्हवी बँकेत नोकरी करणारी, स्वतःच्या पसंतीने लग्न करणारी मुलगी आहे. ती हे वाक्य उत्साहाने, प्रतिज्ञेसारखे उच्चारते. परंतु 'मी'चे विधेय 'सून' हे आहे आणि संबंध जोडला आहे तो 'ह्या घरची' असा, घराशी. ज्याच्याशी लग्न व्हावयाचे त्याचा वाक्यात उल्लेखही नाही. आता या वाक्यात लिंगाचा व्यत्यास करून पाहावा : 'होणार जावई मी ह्या घरचा'. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. परंतु ऐकणाऱ्याला हसू येते, आणि पाठोपाठ 'घरजावई' हा शब्द आठवतो. मराठीत 'घरजावई' हा शब्द आहे, 'घरसून' हा नाही. जे अपवादात्मक असते त्यालाच भाषा वेगळे नाव देते. जे नेहमीचे असते त्याला नावाची गरज पडत नाही. प्रत्येक सून ही घरसूनच असते, म्हणून तो शब्द घडला नाही. मालिकेच्या नावातील आनंद खरा मानला, तरी तो या न घडलेल्या शब्दावर उभा आहे.

'माझ्या नवऱ्याची बायको' (झी मराठी, २०१६ ते २०२१) हे नाव अर्थदृष्ट्या कोड्यासारखे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंतर 'माझ्या नवऱ्याची बायको' म्हणजे मीच असावयाला हवे. नावातील गंमत आणि वेदना ही, की बोलणारी स्त्री त्या पदावरून दूर सारली गेली आहे. अन्यायाची ही चांगली सूचना आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु अन्याय करणारा पुरुष या नावात षष्ठीच्या रूपाने, मधला दुवा म्हणून येतो. वाक्यांशाचे मुख्य पद 'बायको' हे आहे. रोष तिच्यावर केंद्रित होतो. मालिकेचे कथानकही बरेचसे याच व्याकरणाने चालते. राधिका आणि शनाया समोरासमोर उभ्या राहतात आणि गुरुनाथ हा त्यांच्यामधील हास्यास्पद निमित्त बनतो. हास्यास्पद माणसावर फारसा राग धरता येत नाही.

३

नावांनंतर संबोधनांचा विचार प्राप्त होतो. मराठीत 'अरे', 'अगं' आणि 'अहो' ही तीन संबोधने नात्यांचा नकाशाच काढतात. परंपरेने नवऱ्याला 'अहो' म्हणावयाचे आणि बायकोला 'अगं' म्हणावयाचे. स्वतःच्या आईला 'अगं आई' म्हणतात, सासूला 'अहो आई' म्हणतात. शब्द एकच, 'आई'. पण आधीच्या दोन अक्षरांनी माहेर आणि सासर वेगळे होते. सासूने सुनेला लेकीप्रमाणे वागवावे, हा मालिकांचा आवडता उपदेश आहे, आणि समेटाच्या प्रसंगी सासू 'तू मला लेकीसारखीच' असे सांगते. त्यावर सून गहिवरून उत्तर देते ते 'अहो आई' असेच. उपदेश हे विधान आहे, संबोधन हे गृहीत आहे. आणि दोहोंत विरोध आला, तर श्रोत्याच्या कानावर टिकून राहते ते संबोधन. कारण उपदेश प्रसंगाने येतो, संबोधन मात्र प्रत्येक संवादात येते.

प्रत्यक्ष समाजात मात्र ही संबोधने बदलली आहेत. शहरांतील अनेक तरुण जोडपी परस्परांना नावाने हाक मारतात, 'अरे' आणि 'अगं' ही जोडी समपातळीवर वापरतात. मालिकांतील तरुण जोडपीही लग्नापूर्वी तशीच बोलताना आढळतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की ज्या मालिकांत लग्नानंतर 'अहो' सुरू होते, तेथे तो बदल संस्काराची खूण म्हणून, कौतुकाने दाखविला जातो. वस्तुस्थितीत जो पर्याय आहे, त्याला कथेत परिपक्वतेचे मोल मिळते.

बोलींच्या योजनेतही असाच न्याय दिसतो. राधिका नागपूरकडची आहे आणि तिची बोली तिकडच्या वळणाची आहे. तिच्या बोलण्यातील जिव्हाळ्यामुळे वैदर्भी वळणाला मालिकेत प्रतिष्ठा मिळाली, हा मोठाच लाभ होय. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर ही बोली पुष्कळदा विनोदापुरतीच वापरली गेली आहे. परंतु शनायाचे इंग्रजीमिश्रित शहरी बोलणे आणि तिचा पेहराव यांची जोडी लोभ आणि आळस यांच्याशी घातल्याने दुसरेच एक गृहीत सिद्ध होते : स्त्रीचा भलेपणा तिच्या बोलीवरून आणि कपड्यांवरून ओळखता येतो. ही कसोटी पुरुषपात्रांना लागू होत नाही. गुरुनाथ कार्यालयात काम करणारा शहरी माणूस आहे; त्याचे इंग्रजी शब्द त्याच्या दुर्गुणाची खूण ठरत नाहीत. ते केवळ त्याच्या नोकरीची खूण ठरतात.

४

मालिकांतील वास्तवाचा सर्वांत मोठा विपर्यास मात्र शब्दांत सापडत नाही. तो काळाच्या हिशेबात सापडतो. कौटुंबिक मालिकांतील कितीतरी प्रसंग स्वयंपाकघरात घडतात. तेथे कट शिजतात, रहस्ये फुटतात, दाराआड उभे राहून कोणी तरी ऐकते. परंतु हे स्वयंपाकघर मुख्यतः संवादाचे स्थळ आहे. भाजी चिरणारा हात संवाद आला की थांबतो. पोळ्यांचा ढीग आधीच तयार असतो, भांड्यांचा ढीग कधी दिसत नाही. दहा-बारा माणसांच्या घरात कोणी किती वाजता उठले, कोणी किती वेळ ओट्यापाशी उभे राहिले, याची नोंद होत नाही. नायिका सकाळी पूजा करते, सर्वांचे चहापाणी करते, नोकरीला जाते, सायंकाळी परत येते आणि नंतर कुटुंबावरील संकटाचे निवारण करते. आणि तिच्या दिवसाचे तास तरीही शिल्लक राहतात.

वस्तुस्थिती अंकांत उपलब्ध आहे. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या कालविनियोग-पाहणीत घरातील विनावेतन कामे करणाऱ्या व्यक्तींचा त्या कामांवर खर्च होणारा दैनिक वेळ काढण्यात आला. स्त्रियांच्या बाबतीत तो सरासरी २९९ मिनिटे भरला, पुरुषांच्या बाबतीत ९७ मिनिटे. शिवाय पाहणीच्या दिवशी असे काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८१ च्या वर होते, तर पुरुषांचे शेकडा २६. २०२४ सालच्या पाहणीत हाच वेळ अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असा आढळला. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांचीही नऊ वाचली. म्हणजे अंतर जवळजवळ होते तेथेच राहिले.

पाच तासांच्या या कामाचे मालिकेत काय होते? ते नाहीसे होत नाही. ते स्वभावात रूपांतर पावते. नायिका श्रम करते असे न दाखविता ती प्रेमळ आहे असे दाखविले जाते, आणि तिच्या हातचे जेवण रुचकर असणे ही तिच्या मनाची साक्ष ठरते. श्रमाला वेळ लागतो, म्हणून त्याची वाटणी मागता येते. स्वभावाची वाटणी मागता येत नाही. एखाद्या भागात नवरा स्वयंपाकघरात शिरतो, चहा करतो. पार्श्वसंगीत मृदू होते, घरातील माणसे चकित होऊन पाहतात. प्रसंगाचे विधान निःसंशय चांगले आहे : पुरुषानेही घरकाम करावे. परंतु त्या पाहणाऱ्यांचे चकित होणे 'मदत' या शब्दाचेच काम करते. नायिका रोज चहा करते तेव्हा कोणी चकित होत नाही.

या संदर्भात 'आई कुठे काय करते' (स्टार प्रवाह, २०१९ ते २०२४) या मालिकेचा विचार करणे आवश्यक आहे, कारण तिचा हेतूच या अदृश्य श्रमाला दृश्य करण्याचा आहे. बंगाली 'श्रीमयी'वर आधारलेल्या या कथेचा हिंदी अवतार 'अनुपमा' या नावाने २०२० पासून प्रसिद्ध आहे. मराठी नाव हे एक प्रश्नरूप निषेधवाक्य आहे. 'आई कुठे काय करते', म्हणजे ती काहीच करीत नाही, असे घरातील माणसे बेफिकिरीने म्हणतात. मालिका त्याचे खंडन करते. अरुंधती अपमान सोसते, नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध उघड झाल्यावर घटस्फोट घेते, आपले गाणे पुन्हा हाती घेते, दुसरे लग्न करते. मध्यमवयीन मराठी स्त्रीला इतके स्वातंत्र्य देणारे कथानक लोकप्रिय व्हावे, ही साधी गोष्ट नव्हे. तरीही निषेधाची कसोटी लावून पाहावी. 'आई काही करीत नाही' याचा निषेध 'आई सर्व काही करते' असा होतो. मालिका हेच सिद्ध करते. परंतु जमाखर्च आईच्याच नावावर मांडावयाचा, हे दोन्ही वाक्यांत कायम आहे. 'बाबा कुठे काय करतात' असा प्रश्न कोणी विचारीत नाही. घटस्फोटानंतरही देशमुखांच्या घरात जे जे पेच पडतात, ते ते अरुंधतीपुढे येतात आणि तिच्याकडून सुटतात. ती घराबाहेर पडली. घराच्या सुखाची जबाबदारी मात्र तिच्या मागोमाग चालत गेली.

५

यावर असा प्रश्न निघेल, की या सूक्ष्म गृहीतांचा प्रेक्षकावर परिणाम होतो याला प्रमाण काय? अमेरिकेत जॉर्ज गर्बनर आणि त्याचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडलेला सिद्धांत येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते दूरचित्रवाणीचा परिणाम एखाद्या कार्यक्रमाने घडून येत नाही. दीर्घकाळ पाहिलेल्या सर्व कार्यक्रमांच्या साठ्याने मनाची मशागत होते, आणि अधिक पाहणारा प्रेक्षक प्रत्यक्ष जगाचा अंदाजही पडद्यावरील जगाच्या प्रमाणाने करू लागतो. हा सिद्धांत वादग्रस्त आहे; परंतु परिणामाचे स्थान उघड संदेशात नसून सततच्या पार्श्वभूमीत आहे, हा त्यातील विचार भारतीय अनुभवाशी जुळतो. त्याची दोन उदाहरणे परस्परविरुद्ध टोकांची आहेत.

पहिले उदाहरण 'हम लोग' या हिंदी मालिकेचे. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ही मालिका दूरदर्शनने लोकशिक्षणाच्या स्पष्ट हेतूने सादर केली. मेक्सिकोत मिगेल साबिदो याने कथामालिकांतून समाजशिक्षणाचा जो प्रयोग केला होता, तो तिच्यापुढे आदर्श म्हणून होता. मनोहर श्याम जोशी यांनी लेखन केले आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी बोलून त्या भागाचा बोध स्पष्ट करीत. त्यातील भागवंती ही माता मद्यपी नवऱ्याचा जाच मुकाट्याने सोसते. असे सोसू नये हे दाखविण्यासाठी ती योजलेली होती. परंतु या मालिकेचा अभ्यास करणाऱ्या ब्राउन आणि कोडी या संशोधकांना १९९१ साली असे नमूद करावे लागले, की स्त्रियांच्या दर्जाविषयीचा योजिलेला बोध अपेक्षेप्रमाणे पोहोचला नाही. अनेक प्रेक्षकांनी, आणि त्यांत स्त्रियाही होत्या, भागवंतीलाच आदर्श मानले. याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. बोध अखेरच्या काही वाक्यांत होता. सोसणारी आई ही कुटुंबाचा आधार असते, हे गृहीत मात्र सबंध कथेत भिनलेले होते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००१ ते २००३ या काळातील ग्रामीण पाहणीचा आधार घेतला होता. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली यांबरोबर गोव्याचाही तीत समावेश होता. ज्या गावांत त्या काळात केबल नव्याने आली, तेथे बायकोला मारहाण करणे क्षम्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, बाहेर जाण्याच्या आणि खर्चाच्या निर्णयांत स्त्रियांचा वाटा वाढला, जननदरही उतरला, असे त्यांना आढळले. या निष्कर्षांच्या फेरतपासणीत काही आक्षेप घेतले गेले आहेत, आणि पाहणीतील उत्तरे बदलली म्हणून वर्तनही तितकेच बदलले असे धरता येत नाही, ही शंका त्या लेखकांनीही विचारात घेतली होती. तथापि अभ्यास दुर्लक्षिण्याजोगा नाही. कारण त्या वेळी घरोघर पाहिल्या जाणाऱ्या मालिका म्हणजे 'क्योंकि सास भी कभी बहू थी' (२००० ते २००८, २०२५ साली तिचे नवे पर्व सुरू झाले) आणि तिच्या भगिनी. सासू-सुनांच्या याच मालिकांना समीक्षकांनी प्रतिगामी ठरविले होते.

मालिकांची विधाने प्रतिगामी आणि परिणाम पुरोगामी, ही विसंगती कशी उलगडावी? विधान आणि गृहीत यांचा भेद ध्यानात घेतला, तर ती राहत नाही. त्या मालिकांत सांगितलेले काहीही असो. त्यांची पार्श्वभूमी शहरी होती. त्यांतील स्त्रिया शिकलेल्या होत्या, एकट्या गाडीने बाहेर जात, पैशाचे व्यवहार करीत, मोठमोठ्यांपुढे उभ्या राहून बोलत. या गोष्टींवर कथेत चर्चा नव्हती. त्या धरून चाललेल्या होत्या. ज्या गावात परवानगीवाचून बाजारात जाणे हा प्रश्न होता, तेथे हे न बोललेले गृहीतच मोठा संदेश ठरले. 'हम लोग'चे बोललेले विधान फसले आणि 'क्योंकि'चे न बोललेले गृहीत रुजले. दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात.

यातून आणखी एक अनुमान निघते. गृहीताचा परिणाम प्रेक्षकाच्या स्थितीवर अवलंबून असतो. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या खेड्यात शिकलेली सून हेच अपूर्व होते, तेथे त्या मालिकांचे गृहीत वास्तवाच्या पुढे होते. आजच्या पुण्या-मुंबईच्या वा नागपूरच्या घरात, जेथे सून स्वतः मिळवते आणि घरकामाच्या वाटणीवरून खरोखरीचे वाद होतात, तेथे तेच गृहीत वास्तवाच्या मागे पडलेले असते. एकच मालिका एका घरात दार उघडू शकते आणि दुसऱ्या घरात ते लोटून घेऊ शकते.

६

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की मालिका हे मनोरंजन आहे. अतिशयोक्ती हा त्या प्रकाराचा धर्म आहे आणि प्रेक्षकही तो ओळखून असतात. हा आक्षेप बराच खरा आहे. मालिकांची टवाळी करणाऱ्यांच्या सुरात पुष्कळदा त्या पाहणाऱ्या स्त्रियांविषयीची तुच्छता मिसळलेली असते, आणि दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास बसून काही पाहावे असे ज्यांना वाटते, त्यांच्या आवडीचा उपहास करण्याचा अधिकार समीक्षेला नाही. परंतु प्रेक्षक अतिशयोक्ती ओळखतो, असे म्हणताना तो विधानातील अतिशयोक्ती ओळखतो इतकेच सिद्ध होते. प्लास्टिक सर्जरीने चेहरा बदलून आलेले पात्र पाहून तो हसतो. 'नवऱ्याने मदत केली' या वाक्यावर तो हसत नाही. खोटे म्हणून जे डोळ्यांत भरते, ते निरुपद्रवी असते. उपद्रव होतो तो ज्यावर नजर ठरत नाही त्याचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समाजात स्त्रीची स्थिती जर खरोखर अशीच असेल, कालविनियोग-पाहणीतील अंक जर मालिकेच्याच गृहीताला दुजोरा देत असतील, तर मालिका वास्तवाचा विपर्यास करते असे कसे म्हणता येईल? ती तर वास्तवच दाखविते. याचे उत्तर असे, की स्त्री घरकाम करते हे दाखविणे हा विपर्यास नव्हे. विपर्यास आहे तो त्या कामाचा वेळ पुसून टाकण्यात, आणि वस्तुस्थितीत ज्याविषयी झगडा चालू आहे, ते निर्विवाद म्हणून धरून चालण्यात. मराठी घरांत आज हे प्रश्न विचारले जात आहेत. डबा कोणी करावा, मुलाच्या शाळेतील सभेस कोणी जावे, आजारी सासऱ्याजवळ रजा घेऊन कोणी बसावे, यांवर बोलणी होतात, कुरबुरी होतात, क्वचित नव्या वाटण्याही ठरतात. हा सारा संवाद मालिकेच्या बाहेर राहिला आहे. तो आत आला, तर कथेला संघर्षाचा तुटवडा पडणार नाही. कदाचित विषप्रयोगांची आणि स्मृतिभ्रंशांची गरजही कमी भासेल.

संशोधनाच्या दृष्टीने यातून जे निष्पन्न होते, ते थोडक्यात असे. नायिका सबला की अबला याची मोजदाद करणारी कोष्टके टाकून द्यावीत असे नाही. परंतु ती पुरेशी नाहीत. प्रत्येक प्रसंगाला दोन कसोट्या लावून पाहता येतील. एक निषेधाची : प्रसंगातील उपदेश उलटा केला, तरी त्यात काय तसेच राहते? दुसरी व्यत्यासाची : वाक्यातील स्त्रीच्या जागी पुरुष घातला, तर ते वाक्य विनोदी, विचित्र वा निरर्थक का होते? 'उशीर का झाला' हा प्रश्न दारात कोणाला विचारला जातो आणि कोणाला विचारला जात नाही, 'अहो' कोठे सुरू होते, 'मदत' हा शब्द कोणाच्या क्रियेला लागतो, हे टिपून ठेवणारा विद्यार्थी नायिकेच्या बंडखोरीची नोंद करणाऱ्यापेक्षा मालिकेच्या अधिक जवळ जाईल. या कामासाठी मोठी साधने लागत नाहीत. एक वही पुरे, आणि ऐकण्याची तयारी. कारण ही वाक्ये मालिकेपुरती नाहीत. दूरचित्रवाणी बंद केल्यावर त्याच खोलीत जे बोलले जाते, त्यातही ती ऐकू येतील.